रेगन ग्रेट की घोटाळेबाज? आधी प्रश्न वेगळे करा

ज्यांना इअरफोन लावण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या वेळचा एपिसोड लिहून देतेय. ऑडिओमधले माझे ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्चुअली’ जमतील तेवढे काढलेत.

सुरुवात एका विमानतळापासून करते. माझे मामा १९८२ साली पुण्याहून न्यू जर्सीला गेले आणि तिथलेच झाले. मामेबहीण तिकडेच जन्मली. मी तिला ताई म्हणते. परवा आमचा रविवारचा व्हिडिओ कॉल चालू होता. ताईला कामासाठी वॉशिंग्टनला जायचं होतं. ती म्हणाली, “नॅशनलला उतरणार आहे.” मामा लगेच, “रेगन नॅशनल म्हण. नाव आहे त्याला!” झालं. १९९८ साली कायदा करून त्या विमानतळाला रोनाल्ड रेगन यांचं नाव दिलं गेलं. तेव्हापासून कोण काय म्हणतं त्यावरून माणूस कोणत्या पक्षाचा, याचा अंदाज बांधणारे लोक तिकडे आहेत. पाच मिनिटांत आवाज चढले. मामी “जेवण गार होतंय” म्हणत राहिल्या. शेवटी ताईने कॉल कट केला. दोन आठवडे बापलेक बोलले नाहीत. कारण काय, तर १९८९ साली पद सोडलेला राष्ट्राध्यक्ष!

मला प्रश्न पडला, ही दोघं नक्की कशावर भांडतायत? म्हणून वाचायला बसले.

आधी मामांची बाजू. १९८० मध्ये अमेरिकेत महागाईचा दर १३ टक्क्यांच्या वर होता. १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये होम लोनचा व्याजदर १८ टक्क्यांच्या पुढे गेला होता. मामांनी १९८६ मध्ये घर घेतलं, तेव्हा तो १० टक्क्यांच्या आसपास आला होता. आता सांगा, ज्या माणसाच्या काळात तुमचं पहिलं घर झालं, तो तुम्हाला आवडणार नाही का? त्यात १९८४ ची निवडणूक रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्यांत जिंकली. १९८७ मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्याबरोबर मध्यम पल्ल्याची अण्वस्त्र क्षेपणास्त्रं नष्ट करण्याचा करार केला. हे सगळं खरं आहे.

आता ताईची बाजू. तिचा मुद्दा एकच: इराण-कॉन्ट्रा. हे प्रकरण आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही, म्हणून नीट सांगते.

निकाराग्वा या छोट्या देशात डाव्या सरकारविरुद्ध लढणारे बंडखोर होते, त्यांना ‘कॉन्ट्रा’ म्हणत. रेगन यांना त्यांना मदत करायची होती. पण त्या युद्धात सामान्य माणसं मरत होती आणि अमेरिकन काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने, आपल्या पक्षाचा संबंध नाही!) १९८४ मध्ये कॉन्ट्रांना लष्करी मदत देण्यावर कायद्याने बंदी घातली. दुसरीकडे लेबनॉनमध्ये इराणच्या जवळच्या गटांनी काही अमेरिकन नागरिकांना ओलीस धरलं होतं. अमेरिका जगाला सांगत होती की इराणला शस्त्रं विकू नका. आणि स्वतः? १९८५-८६ मध्ये आधी इस्रायलमार्फत आणि मग थेट, दोन हजारांच्या आसपास रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं इराणला विकली. वर नफ्यातले लाखो डॉलर गुपचूप कॉन्ट्रांकडे वळवले. व्हाइट हाऊसमधून हे सांभाळत होते लेफ्टनंट कर्नल ऑलिव्हर नॉर्थ आणि त्यांचे वरिष्ठ जॉन पॉइंडेक्स्टर.

बरं, ओलीस सुटले का? तीन सुटले. पण १९८६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणखी तीन अमेरिकन पकडले गेले. म्हणजे हिशेब होता तिथेच.

नोव्हेंबर १९८६ मध्ये लेबनॉनच्या एका मासिकाने ही शस्त्रविक्री उघडी पाडली. रेगन टीव्हीवर आले आणि म्हणाले, आम्ही ओलिसांच्या बदल्यात शस्त्रं दिलेली नाहीत. गॅलपच्या पाहणीत त्यांची लोकप्रियता ६३ टक्क्यांवरून ४७ वर आपटली.

आणि आता माझ्या धंद्यातली गोष्ट. त्या काळात व्हाइट हाऊसमध्ये आयबीएमची ‘प्रॉफ्स’ नावाची अंतर्गत ईमेल सिस्टिम होती. प्रकरण फुटल्यावर नॉर्थ यांनी कागद श्रेडरमध्ये घातले आणि सातशेहून जास्त ईमेल उडवले. पॉइंडेक्स्टर यांनी पाच हजारांहून जास्त उडवले. डिलीटचं बटण दाबलं की विषय संपला, असं त्यांना वाटलं. पण सिस्टिमचा बॅकअप टेपवर जात होता! त्या टेपांवरून मेसेज परत मिळाले आणि तपास करणाऱ्या टॉवर आयोगाच्या हातात पडले. मंडळी, आम्ही बॅकअप घ्या म्हणून डोकं खातो ते उगाच नाही.

पुरावे समोर आल्यावर ४ मार्च १९८७ ला रेगन पुन्हा टीव्हीवर आले. त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा होता: मी ओलिसांच्या बदल्यात शस्त्रं दिली नाहीत असं देशाला सांगितलं होतं, माझं मन अजूनही तेच म्हणतं, पण वस्तुस्थिती आणि पुरावे म्हणतात की तसं झालं.

हे वाचून मी थांबले. कारण मामा कॉलवर म्हणाले होते, “हे सगळं विरोधकांनी रचलेलं आहे गं.” जे खुद्द रेगन यांनी कबूल केलं, ते त्यांचा चाहता चाळीस वर्षांनी नाकारतोय!

पण थांबा, ताईचंही एक वाक्य तपासून बघू. ती म्हणाली होती, “पैसे वळवले जातायत हे त्यांना माहीत होतंच, ते सिद्ध झालंय.” नाही, सिद्ध झालेलं नाही. पॉइंडेक्स्टर यांनी साक्षीत सांगितलं की ही गोष्ट आपण राष्ट्राध्यक्षांना कळवलीच नव्हती. काँग्रेसच्या समित्यांना उलटा पुरावा सापडला नाही. मात्र अंतिम जबाबदारी राष्ट्राध्यक्षांचीच, असं बहुमताच्या अहवालात स्पष्ट लिहिलं. त्या अहवालावर तीन रिपब्लिकन सेनेटरांनीही सही केली. बाकीच्या रिपब्लिकन सदस्यांनी वेगळा अहवाल दिला, की चुका झाल्या पण एवढा गहजब करायचं कारण नाही. त्या गटात पुढे होते डिक चेनी, जे नंतर उपराष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे मामा आणि ताईचं भांडण १९८७ मध्येच छापून झालेलं आहे!

पुढे १४ जणांवर खटले भरले, ११ जणांवर दोष आला. नॉर्थ आणि पॉइंडेक्स्टर यांची शिक्षा अपिलात रद्द झाली. कारण? संसदेपुढची त्यांची साक्ष त्यांच्याविरुद्ध वापरायची नव्हती आणि तिचा खटल्यावर परिणाम झाला. त्यांनी काही केलंच नव्हतं, असं कोर्ट म्हणालं नाही. उरलेल्यांपैकी सहा जणांना १९९२ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी माफी दिली. ते स्वतः रेगन यांचे उपराष्ट्राध्यक्ष होते.

आमच्या कामात एखादा बग आला की दोन प्रश्न असतात. एक, बग खरंच आहे का? ते लॉग बघून ठरतं, त्यात मतदान नसतं. दोन, तो किती महत्त्वाचा? यावर मीटिंगमध्ये खुशाल भांडा. घोळ कधी होतो? जेव्हा “माझ्या मते महत्त्वाचा नाही” म्हणणारा हळूच “बग नाहीच” म्हणायला लागतो.

शस्त्रं विकली का, टीव्हीवर चुकीचं सांगितलं का, ईमेल उडवले का, हे पहिल्या प्रकारचे प्रश्न. उत्तरं आहेत. शीतयुद्ध संपत आणण्यातला वाटा जास्त मोलाचा, की कायद्याला वळसा घालणं जास्त गंभीर, हा दुसऱ्या प्रकारचा. तिथे मामा आणि ताई आयुष्यभर वेगळे राहू शकतात आणि दोघंही प्रामाणिक असू शकतात.

श्रेयाचंही तेच. महागाई उतरली हे खरं. पण व्याजदर चढवून ती उतरवणारे फेडरल रिझर्व्हचे प्रमुख पॉल व्होल्कर यांना नेमलं होतं रेगन यांच्या आधीच्या कार्टर यांनी. रेगन यांनी त्यांना १९८३ मध्ये कायम ठेवलं. आणि रेगन यांच्या आठ वर्षांत सरकारी कर्ज जवळपास तिप्पट झालं. शुद्ध हिरो शोधायला गेलात तर दोन्ही बाजूंना हात हलवत परत यावं लागेल.

गेल्या रविवारी मी दोघांना पुन्हा कॉलवर आणलं. एकच अट घातली: समोरच्याची एक गोष्ट खरी म्हणून मान्य करायची, आणि त्या वाक्यात ‘पण’ म्हणायचं नाही. मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “शस्त्रं दिली होती. आणि आम्हाला सांगितलं, दिली नाहीत.” ताई म्हणाली, “बाबा, तुम्ही ते घर कसं घेतलंत ते मी कधी विचारलंच नव्हतं.” मग मामा अर्धा तास घरावरच बोलत होते. विमानतळाचं नाव अजून दोघांचं वेगळंच आहे. असू दे.

तुमच्या घरातही असा एखादा नेता असेलच, ज्याच्यावरून जेवणाचं ताट बाजूला सरकतं. पुढच्या वेळी तो विषय निघाला की आधी विचारा: आपण लॉगवर भांडतोय की महत्त्वावर? काय झालं ते मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, फोनचा बॅकअप घेतलात ना?