टर्बो गेला म्हणताय? आधी पाइप बघा!

आज सुरुवात खंबाटकी घाटापासून. मित्राची टर्बो डिझेल गाडी. पुण्यात एकदम झकास चालायची, पण साताऱ्याला जाताना चौघं बसले की घाटात दमच नाही, आणि मागे काळा धूर. गॅरेजवाला बॉनेट उघडून म्हणाला, "टर्बो गेलाय, चाळीस हजार धरा." गेला होता एक रबरी पाइप!

टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरतो आणि हवा दाबून इंजिनात कोंबतो. वाटेत इंटरकूलर ती थंड करतो. या वाटेत कुठे चीर पडली किंवा क्लॅम्प सैल झाला, की हवा बाहेर. डिझेल मात्र आधी मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पडतं, म्हणून तो काळा धूर.

गंमत अशी की उभ्या गाडीत हे कळतच नाही. आयडलला त्या पाइपात फारसा दाब नसतो, चीर मिटलेली राहते. लोड आला की ती उघडते, आणि तेव्हाच फुस्स किंवा शिट्टीसारखा आवाज येतो. म्हणून मेकॅनिकला सोबत घेऊन चढावर जा.

स्कॅनरवर पी०२९९ कोड आला तर अर्थ एवढाच, की बूस्ट कमी पडतोय. टर्बो खराब आहे, असं तो म्हणत नाही, बरं का! आधी सेन्सर तपासा. इंजिन बंद, चावी ऑन असताना तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवणार: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात साधारण ९५.

मग खरी टेस्ट, अगदी पंक्चरवाल्याची. इंजिन बंद आणि थंड. एअर फिल्टरकडून टर्बोत येणारा पाइप काढायचा, टर्बोच्या तोंडाला घट्ट बूच बसवायचं आणि त्यातून रेग्युलेटर लावून कॉम्प्रेसरची हवा सोडायची, सुरुवातीला पाचेक पीएसआय. सांध्यांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे आले तिथे गळती. दाब गाडीच्या नेहमीच्या बूस्टच्या वर नेऊ नका. आणि हे घरी करायचा उत्साह नको, बूच सुटलं तर गोळीसारखं उडतं. थोडी हवा इंजिनातून ऑइलच्या झाकणाकडे जातेच, तिला घाबरू नका. पाइपाच्या आतही थोडं तेल असतंच. पण सांध्याच्या बाहेर तेलकट ओल आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, की पहिला संशय तिथेच.

मित्राच्या गाडीत चीर होती इंटरकूलरच्या खालच्या वळणावर, क्लॅम्पच्या अगदी कडेला, बोटाच्या पेराएवढी. वरून दिसतच नव्हती. नवा पाइप, नवा क्लॅम्प, आणि दुपारी गाडी परत खंबाटकीत. चौघं बसलेले, धूर नाही.