मेथॉडिस्ट मंडळी व तिचे बिनपगारी सेवक

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास सिरोंचा हें गांव आहे. त्याच्या जवळच प्राणहिता नदी गोदावरीस मिळते, आणि आणखी पूर्वेस गेलें म्हणजे इंद्रावतीचा संगम लागतो. चंद्रपूर शहरापासून हें ठिकाण सुमारें दोनशें किलोमीटर दूर आहे. वाट आष्टी व आलापल्ली या गांवांवरून सागवानाच्या रानांतून जाते. एके काळीं हें गांव 'अपर गोदावरी' नांवाच्या स्वतंत्र जिल्ह्याचें मुख्य ठाणें होतें. १८७४ सालीं तो जिल्हा मोडला व सिरोंचा चांदा जिल्ह्यास जोडलें गेलें. पुढें १९८२ सालीं चंद्रपूरचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हां तें त्यांत आलें.

अशा या दूरच्या ठिकाणीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकन मेथॉडिस्ट मिशननें आपलें काम सुरू केलें. चांदा शहरांतील मिशन निराळ्या पंथाचें, म्हणजे स्कॉटलंडमधील एपिस्कोपल चर्चचें होतें. पंथभेदाच्या तात्त्विक चर्चेंत शिरण्याचें येथें कारण नाहीं. विचार करण्यासारखा प्रश्न व्यवहाराचा आहे. रस्ते नाहींत, नद्यांना पूर येतो, भाषा तीन, लोक गरीब. अशा मुलखांत उपासक लोकांचा एक लहानसा समुदाय, ज्याला मराठी ख्रिस्ती लोक 'मंडळी' म्हणतात, तो वर्षानुवर्षें टिकतो कसा? त्याचीं कामें कोण करतो? या प्रश्नाचें उत्तर मेथॉडिस्ट पंथाच्या घडणींतच सांपडतें.

मेथड म्हणजे पद्धति. १७२९ च्या सुमारास इंग्लंडांतील ऑक्सफर्ड विद्यापीठांत जॉन वेस्ली, त्यांचे धाकटे बंधु चार्ल्स आणि कांहीं तरुण मित्र एकत्र जमूं लागले. प्रार्थना ठरल्या वेळीं, अध्ययन ठरल्या वेळीं, तुरुंगांतील कैद्यांची भेटहि ठरल्या दिवशीं, असा त्यांचा क्रम असे. इतर विद्यार्थ्यांनीं थट्टेनें त्यांना 'मेथॉडिस्ट', म्हणजे जणूं 'नेमवाले', हें नांव दिलें. वारकऱ्याच्या घरीं एकादशीचा नेम असतो. तो मोडला तर घरच्या माणसालाच चुकल्यासारखें होतें. नेमाची ही ओढ ज्यांस ठाऊक आहे, त्यांना मेथॉडिस्ट नांवांतील मर्म निराळें समजावून सांगावयास नको.

परंतु नेम एकट्यानें पाळणें वेगळें व समुदायानें पाळणें वेगळें. समुदायाची ही व्यवस्था एका कर्जांतून जन्मास आली, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. ब्रिस्टल शहरांत वेस्ली यांच्या अनुयायांनीं एक सभागृह बांधलें व त्याचें कर्ज फिटेना. १७४२ च्या फेब्रुवारींत यावर विचार चालला असतां फॉय नांवाच्या एका कप्तानानें तोड सुचविली. प्रत्येकानें आठवड्यास एक पेनी द्यावी. कोणी म्हणालें, पुष्कळांना तेवढेंहि झेपणार नाहीं. त्यावर कप्तान म्हणाला, सर्वांत गरीब अशीं अकरा माणसें माझ्याकडे द्या. जें त्यांना देववणार नाहीं, तें मी भरीन. इतरांनींहि तेंच पत्करलें. बारा बारा जणांचे गट पडले व प्रत्येक गटास एक नायक मिळाला.

नायक पेनी गोळा करण्यासाठीं दर आठवड्यास घरोघर जाऊं लागला, तेव्हां त्याच्या दृष्टीस इतर गोष्टीहि पडूं लागल्या. कोणाचें मूल आजारी, कोणाचें घरांत भांडण, कोणाची दारू पुन्हां सुरू झालेली. वेस्ली यांच्या लक्षांत आलें कीं, आपण ज्या देखरेखीची वाट पाहत होतों ती हीच. पैशासाठीं केलेली रचना अशा रीतीनें माणसांच्या काळजीची रचना झाली. हीच ती प्रसिद्ध 'वर्गसभा'. तिचा नायक विणकर असे, चांभार असे, दुकानदार असे. पाळक, म्हणजे दीक्षा घेतलेला धर्मोपदेशक, क्वचितच असे.

उपदेशाच्या बाबतींतहि तेंच घडलें. लंडनमध्यें टॉमस मॅक्सफील्ड नांवाचा एक सामान्य मनुष्य वेस्ली यांच्या गैरहजेरींत प्रवचन करूं लागला. हें ऐकून वेस्ली रागावून परत आले. तेव्हां त्यांच्या मातोश्री सुझाना यांनीं त्यांना बजावलें कीं, त्याला थांबविण्यापूर्वीं त्याच्या बोलण्याचें फळ काय झालें तें पाहा व स्वतः ऐकून घ्या. वेस्ली यांनीं ऐकलें व संमति दिली. त्या दिवसापासून बिनपगारी 'स्थानिक उपदेशक' हा मेथॉडिस्ट मंडळीचा एक आधारस्तंभ झाला.

मुंबईस हा पंथ रुजला तोहि याच मार्गानें. १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर हे अमेरिकन प्रचारक मुंबईस आले. त्यांच्या प्रवचनांमुळें जीं माणसें जमलीं, त्यांचे लहान लहान गट खासगी घरांतून भरूं लागले आणि १८७२ च्या आरंभीं तेथें मेथॉडिस्ट मंडळीची स्थापना झाली. टेलर यांचा आग्रह असा कीं, परदेशांतील मिशनच्या पैशावर ही मंडळी चालूं नये. तिनें आपला भार आपणच उचलावा. त्यांना जॉर्ज बोवेन यांची साथ मिळाली. बोवेन १८४८ सालीं मुंबईस आले व थोड्याच काळांत त्यांनीं मिशनचा पगार सोडला. देशी लोकांच्या वस्तींत अगदीं साधेपणानें राहून व 'बॉम्बे गार्डियन' हें पत्र चालवून त्यांनीं आपलें आयुष्य काढलें. १८८८ सालीं ते मुंबईसच वारले. त्यांच्या नांवाचें चर्च त्या शहरांत अद्याप आहे.

आतां या व्यवस्थेचें गमक पाहूं. मेथॉडिस्ट पाळक एका ठिकाणीं कायमचा नसतो. वार्षिक परिषद भरते आणि बिशप नेमणुका जाहीर करतात. आज नागपुरास असलेला पाळक उद्यां दुसरीकडे जातो. एका पाळकाकडे अनेक गांवें असणें हेंहि नित्याचेंच. म्हणून पाळक बदलतो व मंडळी राहते. मंडळीची आठवण, तिचें कर्ज, तिच्या म्हाताऱ्या विधवा, तिचीं अनाथ मुलें, हें सर्व जाणणारा मनुष्य गांवचाच लागतो. स्थानिक उपदेशक, शब्बाथ शाळेचा शिक्षक, हिशेब ठेवणारा कारभारी, महिला मंडळाची चिटणीस, युवक संघाचा पुढारी, हीं सर्व माणसें आपापला उद्योग सांभाळून हीं कामें करतात. स्थानिक उपदेशकाचा परवाना परंपरेनें दर वर्षीं चौकशी होऊन नवा केला जातो. तो प्रवचन करूं शकतो, प्रार्थना चालवूं शकतो. परंतु प्रभुभोजनाचा विधि दीक्षित पाळकाकडेच राहतो. अधिकार वांटून दिलेला आहे, पण त्याची मर्यादाहि आंखून दिलेली आहे.

१९७० सालीं नागपुरास उत्तर भारतांतील अनेक पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालें, तेव्हां अमेरिकन परंपरेची ही मेथॉडिस्ट संस्था शेवटच्या क्षणीं बाहेर राहिली. पुढें १९८१ च्या जानेवारींत ती अमेरिकेंतील मूळ संस्थेपासून स्वायत्त होऊन 'मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया' झाली. स्वायत्तता आली म्हणजे परक्या आधाराची संवय सोडावी लागते. टेलर यांनीं मुंबईस घातलेली अट अशा रीतीनें शंभर वर्षांनीं सर्व मंडळींपुढें पुन्हां उभी राहिली.

अरण्यप्रांतांत या व्यवस्थेचें मोल अधिकच कळतें. सिरोंच्याकडे तेलुगु घरोघर चालते, कचेरीची व शाळेची भाषा मराठी, आणि रानांतील पाड्यांवर गोंडी व माडिया. बाहेरून नेमून आलेल्या पाळकाला यांपैकीं एखादी भाषा येते. तिन्ही भाषांत दुःख विचारूं शकणारा मनुष्य तेथेंच जन्मलेला असतो. भर पावसांत नाल्यांना पूर आला व वाट बंद झाली, तर रविवारची उपासना रद्द करावी काय? जेथें स्थानिक उपदेशक आहे, तेथें घंटा वाजतेच.

वर्षाचे समारंभहि याच माणसांच्या हातून पार पडतात. नाताळापूर्वीं तरुण मंडळी रात्रीं दारोदार गीतें गात फिरते. डिसेंबरच्या शेवटच्या रात्रीं जागरण करून प्रार्थनेंत नवें वर्ष उजाडूं द्यावयाचें, ही चाल ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूड येथील कोळशाच्या खाणींतील मजुरांची. जी रात्र ते पूर्वीं गुत्त्यांत घालवीत, ती ते प्रार्थनेंत घालवूं लागले. चंद्रपूरच्या खाणकामगारांस ही हकीकत जवळची वाटेल. नव्या वर्षाच्या आरंभीं 'कराराची उपासना' असते. ती वेस्ली यांनीं १७५५ सालीं सुरू केली. पिकें घरांत आलीं म्हणजे कापणीचा सण येतो. खेड्यांतील मंडळींत त्या दिवशीं कोणी धान्याचें टोपलें आणतो, कोणी भोपळा, कोणी कोंबडी. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो व पैसा मंडळीच्या कामीं लागतो. ज्याच्या हातीं रोकड नाहीं त्यालाहि दाता होतां येतें, हें या सणाचें खरें महत्त्व. कित्येक ठिकाणच्या स्त्रिया स्वयंपाकाच्या वेळीं एक मूठ तांदूळ बाजूला काढून ठेवतात. मिझोराममधील मंडळींनीं १९१० पासून चालविलेल्या याच प्रथेवर आपलीं मोठीं कामें उभीं केलीं आहेत.

सेवेचें क्षेत्र मात्र मंडळीच्या भिंतींपाशीं थांबत नाहीं. १७४३ मध्यें वेस्ली यांनीं जे सामान्य नियम घालून दिले, त्यांत पहिला कोणाचें वाईट न करण्याचा व दुसरा सर्व माणसांचें शक्य तितकें भलें करण्याचा आहे. भुकेल्यास अन्न, उघड्यास वस्त्र, आजाऱ्याची व कैद्याची भेट, असा त्याचा तपशील आहे. लंडनमध्यें रुग्णभेटीसाठीं त्यांनीं स्वयंसेवक नेमले. आपल्या हद्दींतील प्रत्येक आजाऱ्यास आठवड्यांतून तीनदां भेटावें, सौम्यपणानें बोलावें, स्वच्छता राखावी व हिशेब दर आठवड्यास द्यावा, असे त्यांचे नियम होते. १७४६ मध्यें त्यांनीं तेथें मोफत दवाखाना व गरीब कारागिरांना लहान कर्जें देणारा निधि सुरू केला.

शिकविलेला शेजारी हा दूरच्या तज्ज्ञाची जागा कितपत भरून काढूं शकतो, याचा पडताळा गडचिरोलीनेंच जगास दिला आहे. तेथील 'सर्च' या संस्थेनें ३९ गांवांत खेड्यांतील स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरोघर काळजी घेवविली. १९९५ ते १९९८ या काळांतील तुलनेंत त्या गांवांत नवजात बालकांचे मृत्यु शेंकडा ६२ नीं घटल्याचें दिसून आलें. या संस्थेचा कोणत्याहि चर्चशीं संबंध नाहीं. पण तत्त्व तेंच आहे. काळजी घेणारा जवळ असला पाहिजे, त्याला शिक्षण मिळालें पाहिजे, आणि त्याच्या कामाची वेळोवेळीं तपासणी झाली पाहिजे.

येथें एक नाजूक गोष्ट स्पष्ट बोलावी लागते. गरीब मुलखांत सेवा करणाऱ्यावर आमिषाचा संशय येतो, आणि तो कधीं कधीं साधारहि असतो. औषध देतांना अमुक प्रार्थनेस या अशी अट घातली, कीं औषध सौदा होतें. सेवा अटीवांचून द्यावी, घेणाऱ्यानें आपला देव बदलला नाहीं तरी ती तशीच चालूं ठेवावी, व हिशेब सर्वांस पाहतां येईल असा उघडा ठेवावा. या तीन गोष्टी पाळणारी मंडळी शेजाऱ्यांच्या विश्वासास पात्र होते.

व्यवस्थेंत दोषहि आहेत. एकोणिसाव्या शतकांतच वर्गसभा अनेक देशांत नाममात्र उरल्या. नायक पेनी घेई, पण विचारपूस विसरे. कोठें दोन-तीन घरेंच सर्व कामें करतात व पुढें तींच सर्व अधिकारहि आपल्याकडे ठेवतात. रुग्णाच्या उशाशीं बसतात स्त्रिया, आणि समितींत बसतात पुरुष, हेंहि पुष्कळ ठिकाणीं दिसतें. त्यांतच तरुण मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं नागपूर, हैदराबाद गांठतात. मग शब्बाथ शाळेला शिक्षक मिळत नाहीं. यावर उपाय एकच. काम अधिक हातांत वांटलें पाहिजे, आणि ज्याच्या हातीं काम त्याला सभेंत जागाहि मिळाली पाहिजे.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनाहि यांतून घेण्यासारखें आहे. गृहरचना संस्था असो, वाचनालय असो, गणेशोत्सव असो. पगारी माणूस नेमला म्हणजे आपली जबाबदारी संपली, ही समजूत सर्वत्र बळावत आहे. ब्रिस्टलच्या त्या कप्तानानें वर्गणीची कल्पना सुचविली, इतकेंच नव्हे. अकरा गरीब माणसें मागून घेतलीं व त्यांच्या घरीं दर आठवड्यास जाण्याचें पत्करलें. संस्था उभी राहते ती त्या फेरीवर. ती फेरी चुकूं लागली, कीं इमारत पक्की असूनहि मंडळी उरत नाहीं.