न आढळलेल्या विषाणूचा माग

हिपॅटायटिस सी या यकृतरोगाचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. त्याची लागण झालेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा माणसे कसलेही औषध न घेता, बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच, त्याचा पुरता निकाल लावतात. परंतु ज्याच्या देहात एचआयव्हीने आधीच ठाण मांडले आहे, आणि ज्या सीडी-४ पेशींनी या प्रतिकाराचे नेतृत्व करावयाचे त्याच ज्याच्या रक्तात रोडावल्या आहेत, त्याच्या वाट्याला हे भाग्य क्वचित येते. आणि आले तरी ते टिकेलच याची हमी नसते. रक्तातून नाहीसा झाला असे वाटलेला विषाणू काही महिन्यांनी पुन्हा दिसू लागल्याची उदाहरणे अशा रुग्णांत नोंदली गेली आहेत.

विषाणू खरोखरच गेला का, या संशयाचा निवाडा कसा होतो, हे मी मुंबईतील एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पाहिले. एचआयव्हीवरील औषधे देणाऱ्या एआरटी केंद्राकडून जांभळ्या टोपणाच्या नळ्या येतात. त्यांवर नाव नसते, केवळ क्रमांक, आणि तो नोंदवहीशी ताडून पाहिल्यावाचून नमुना दाखल होत नाही. सेंट्रिफ्यूजमधून निघालेल्या नळीत तळाशी तांबड्या पेशी, वर गवती पिवळा रक्तद्रव, आणि दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशींचा एक पातळ, धुरकट पापुद्रा दिसतो. तंत्रज्ञ बाई वरचा रक्तद्रव उचलतात, तेव्हा पिपेटचे टोक त्या पापुद्र्याला लागू नये म्हणून थोडा द्रव खाली मुद्दाम सोडून देतात. हे शिस्तीला धरूनच आहे. तथापि रक्तद्रवात काही न आढळणाऱ्या काही व्यक्तींच्या नेमक्या याच पांढऱ्या पेशींत, आणि यकृतातही, विषाणूचे आरएनए सापडल्याचे काही संशोधकांनी नोंदविले आहे. त्याचा अर्थ काय लावावा, याविषयी अद्याप मतैक्य नाही. आपण ज्याला मुक्ती म्हणतो ती केवळ रक्तद्रवापुरती असते, एवढे मात्र त्या पापुद्र्याकडे पाहताना लक्षात राहावे.

पुढे प्रत्येक नमुन्यात एक ठराविक, परिचित आरएनए मिसळले जाते. पिशव्यांतील रसायने विषाणूचे कवच फोडतात, चुंबकीय कण आरएनए धरून ठेवतात, धुलाई होते, आणि मग यंत्रात आवर्तनांमागून आवर्तने चालतात. पडद्यावर विषाणूची रेषा वर चढली नाही, परंतु त्या मिसळलेल्या आरएनएची चढली, तरच ‘आढळला नाही’ असे लिहिण्याचा अधिकार प्राप्त होतो. दोन्ही गप्प राहिल्या तर नमुना रद्द. याशिवाय विषाणू आढळला, पण मोजता येण्याइतका नाही, असाही एक निर्णय असतो, आणि एचआयव्हीच्या रुग्णाबाबत तो हलक्या हाताने बाजूला सारणे मला सर्वथा गैर वाटते.

“मॅडम, ह्याचा मागचा निगेटिव्ह होता ना? आता तर चढलाय,” पडद्याकडे पाहत धाकटा सहकारी म्हणाला.

“मागच्याची तारीख बघ आधी. आणि एआरटीला फोन लाव, नवा नमुना मागव.”

नव्या नमुन्यानेही तेच सांगितले, तर जुनाच विषाणू परतला की नव्याची लागण झाली, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर दोन्ही वेळच्या विषाणूंचा जनुकीय अनुक्रम ताडून पाहूनच मिळते, आणि त्यासाठी पूर्वीचा, विषाणू असतानाचा रक्तद्रव शून्याखाली ८० अंशांत जपून ठेवलेला असावा लागतो. नेहमीच्या कामात तो बहुधा नसतो. उपचार मात्र या उत्तरासाठी थांबत नाहीत: २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या हिपॅटायटिसविषयक राष्ट्रीय कार्यक्रमात या विषाणूवरील गोळ्या विनामूल्य मिळतात, बहुतेकांना १२ आठवडे पुरतात, आणि एचआयव्ही असला तरी शंभरांत नव्वदांहून अधिक रुग्ण बरे होतात.

म्हणूनच एका निगेटिव्ह अहवालावर दप्तर बंद करण्याचा शिरस्ता मला मान्य नाही. प्रतिपिंडांची स्वस्त चाचणी येथे कामाची नाही, कारण विषाणू गेल्यावरही ती वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह राहू शकते. आरएनएचीच चाचणी काही महिन्यांनी पुन्हा व्हावयास हवी. एचआयव्हीचा रुग्ण एआरटीच्या गोळ्यांसाठी केंद्रावर नियमाने येतच असतो. त्याच फेरीत आणखी एक नळी भरून घ्यावी, आणि तिची तारीख पहिला अहवाल देतानाच त्याच्या कार्डावर मुक्रर करावी.