फॉर्म 16 मध्ये दिव्यांग मुलाची वजावटच नाही. आता पैसे बुडाले का?

जून महिना उजाडला की शाळा, महाविद्यालयं, पंचायत समिती, बँका अशा सगळ्या ठिकाणी एकच विषय असतो : फॉर्म 16 आला का? उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावात बरेच पगारदार हा कागद हातात आला की तसाच रिटर्न भरून देणाऱ्याकडे पाठवतात. त्यातले आकडे कुणी बघत नाही. ऑफिसनं काढलंय म्हणजे बरोबरच असणार, असा समज.

पण घरात दिव्यांग मूल असेल किंवा आईवडिलांच्या आजारपणाचा खर्च असेल, तर नेमक्या याच रकमा फॉर्म 16 मधून गळालेल्या सापडतात. कारण साधं आहे. भविष्य निर्वाह निधी, विमा हे हप्ते पगारातूनच कापले जातात, त्यामुळे ते आस्थापना लिपिकाला पगारपत्रकातच दिसतात. अवलंबितांचा हिशोब मात्र कर्मचाऱ्यानं 12बीबी हा फॉर्म भरून, पुराव्यासह द्यावा लागतो. तो उशिरा गेला, फाईलमध्ये राहिला किंवा टाईप करताना सुटला, की वजावट शून्य.

एक उदाहरण घेऊ. समजा, उमरग्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयातल्या कर्मचाऱ्याचा 2025-26 चा पगार 14 लाख 50 हजार आहे. मुलाला 80 टक्के बौद्धिक दिव्यांगत्व आहे. आयकर कायद्याच्या कलम 80डीडीनुसार दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर 75 हजार आणि 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1 लाख 25 हजारांची वजावट मिळते. ही रक्कम ठरलेली आहे. औषधावर, थेरपीवर नेमके किती खर्च झाले याच्या बिलांची बेरीज त्यासाठी लागत नाही.

या कर्मचाऱ्याच्या इतर वजावटी अशा : प्रमाणित वजावट 50 हजार, 80सी खाली दीड लाख, एनपीएसचे जादा 50 हजार, घरकर्जाचं व्याज 2 लाख, आरोग्य विमा स्वतःच्या कुटुंबाचा 25 हजार आणि ज्येष्ठ आईवडिलांचा 50 हजार. ऑफिसनं 80डीडी सोडून हिशोब केला तर जुन्या करप्रणालीत उपकरासह कर होतो 1 लाख 1 हजार 400 रुपये. नव्या प्रणालीत तोच होतो 89 हजार 700. साहजिकच लिपिक सांगणार, ‘नवी घ्या, फायद्यात राहाल.’

आता मुलाची वजावट हिशोबात धरा. जुन्या प्रणालीतला कर उतरतो 75 हजार 400 वर. म्हणजे गळालेल्या एका आकड्यामुळे प्रणालीची निवडच उलटी झाली आणि 14 हजार 300 रुपये जास्त गेले.

अर्थात, सगळ्यांनी धावपळ करायची गरज नाही. 2025-26 साठी पगार 12 लाख 75 हजारांपर्यंत असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर नव्या प्रणालीत कर शून्यच आहे. तिथे 80डीडी सुटली तरी फरक पडत नाही.

वजावट सुटली तर ऑफिसकडे जावंच लागतं का?

नाही. फॉर्म 16 हे कापलेल्या कराचं प्रमाणपत्र आहे, वजावटींची कमाल मर्यादा नव्हे. ऑफिसनं न धरलेली 80डी किंवा 80डीडी थेट रिटर्नमध्ये मागता येते. ऑफिसला वर्षभर ‘नवी प्रणाली’ सांगितलेली असली तरी रिटर्न भरताना जुनी निवडता येते.

इथे एकच गोष्ट घात करते, ती म्हणजे तारीख. पगारदाराला जुनी प्रणाली हवी असेल तर रिटर्न मुदतीत, म्हणजे या वर्षी 31 जुलैपर्यंत, भरावंच लागतं. उशिरा भरलेल्या रिटर्नला नवीच प्रणाली लागते आणि ही वजावट जाते. म्हणून ‘ऑफिस फॉर्म दुरुस्त करून देईल, मग भरू’ असं म्हणत ऑगस्ट उजाडू देणं ही सगळ्यात महागडी चूक.

रिटर्नमध्ये 80डीडीसाठी दिव्यांगत्वाचा प्रकार, अवलंबित व्यक्तीशी नातं, आधार किंवा पॅन आणि यूडीआयडी क्रमांक असा तपशील विचारला जातो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर 10-आयए हा फॉर्मही ऑनलाईन भरावा लागतो. प्रमाणपत्राची मुदत संपलेली नाही ना, हे आधी बघा. धाराशिवच्या रुग्णालयाच्या खेपा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात होत नाहीत.

ऑफिसशिवाय सुटत नाही ते काय?

पगारातून कर कापला, पण तो तुमच्या 26एएस मध्ये दिसत नाही, ही चूक मात्र फक्त ऑफिसच दुरुस्त करू शकतं. पॅनचा एखादा अंक चुकलेला असतो किंवा तिमाही विवरणपत्रात नाव राहिलेलं असतं. त्यासाठी ऑफिसला 24क्यू हे विवरणपत्र दुरुस्त करून पुन्हा भरावं लागतं. त्यानंतर ट्रेसेस पोर्टलवरून नवा फॉर्म 16 निघतो. लिपिकानं पेनानं खाडाखोड करून सही-शिक्का मारलेला कागद उपयोगाचा नाही.

तोंडी सांगण्यापेक्षा आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज द्या, पगारपत्रकं जोडा आणि आवक क्रमांकासह पोहोच घ्या. तिचं महत्त्व पुढे कळतं. कापलेला कर भरला नाही म्हणून कर्मचाऱ्याकडून तोच कर पुन्हा वसूल करता येत नाही, असं कलम 205 सांगतं. मुंबई उच्च न्यायालयानं 2007 मध्ये यशपाल साहनी प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्यासाठी कर कापला गेल्याचा पुरावा मात्र हाताशी हवा.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे पाळणाघराच्या खर्चासाठी मालकामार्फत मिळालेली सवलत डब्ल्यू-2 फॉर्मच्या 10 क्रमांकाच्या चौकटीत लिहिलेली असते. तो आकडा चुकला तर मालकाकडून डब्ल्यू-2सी हा दुरुस्ती फॉर्म मागावा लागतो.

उलटी चूकही होते. दोघे भाऊ नोकरीत असतात आणि आईवडिलांच्या विम्याचा एकच हप्ता दोघांच्याही फॉर्म 16 मध्ये लागतो. ज्यानं जेवढे भरले, तेवढेच त्यानं मागायचे. ‘ऑफिसनंच लावलं होतं’ हे उत्तर चालत नाही, कारण रिटर्नवर सही तुमची असते. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर बुडालेल्या कराच्या 200 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

जाता जाता पगारपत्रकातली आणखी एक ओळ तपासा : व्यवसाय कर. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीच्या आईवडिलांना महाराष्ट्रात या करातून सूट आहे. तरी अर्जच दिलेला नसल्यानं अनेकांचे वर्षाला 2,500 रुपये जात राहतात. हे आयकर रिटर्नमधून परत मिळत नाहीत. पुढची कपात थांबवायची तर प्रमाणपत्राची प्रत जोडून ऑफिसमध्येच अर्ज द्यावा लागतो.