पाणी काढाल तर लाकूड टिकेल, पाणी द्याल तर पाचट कुजेल



मागच्या गळीत हंगामात अक्कलकुव्याकडच्या गटात फिरत असताना एका सभासदाच्या ओट्यावर चहाला बसलो होतो. बोलणे खोडव्याचे चालले होते, पण घरमालकाचे लक्ष काही उसात नव्हते. शेवटी ते म्हणाले, "साहेब, उसाचं राहू द्या. आधी हे दार बघा. पावसाळ्यात लागत नाही अन् उन्हाळ्यात फटीतून मांजर आत येतं. लाकूड सागाचं, मिस्तरीही हुशार. मग चुकलं कुठं?" मी वर पाहिले तर छपराच्या बांबूतून पिवळी भुकटी गळत होती. घर बांधून जेमतेम दोन पावसाळे झाले होते.

असे घर मी एकच पाहिले असे नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या लोकांचे खांब, वासे, कुडाच्या भिंती, जू, पांभर हे सारे लाकडाचे आणि बांबूचे. एकदा पैसा घातला की पुन्हा वीस-पंचवीस वर्षे घालावा लागू नये, अशी अपेक्षा असते. ती पुरी होत नाही याचे कारण बहुतेक वेळा नशीब नसून पाणी असते. लाकडाच्या शास्त्रात यावर पुष्कळ संशोधन झाले आहे. त्यातले आपल्या कामाचे तेवढे या लेखात सांगतो.

लाकूड आणि ऊस : एकाच घरातले

लाकडात मुख्यतः तीन पदार्थ असतात. पहिला सेल्युलोज. हे लांब, बळकट धागे. दुसरा हेमिसेल्युलोज. हा धाग्यांना धरून ठेवणारा, पण पाणी ओढून घेणारा पदार्थ. तिसरा लिग्निन. हा सर्वांना घट्ट करणारा आणि लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ. स्लॅबमध्ये सळई आणि सिमेंट असते ना, तसेच समजा. सळई म्हणजे सेल्युलोज आणि सिमेंट म्हणजे लिग्निन. साधारणपणे सुक्या लाकडाच्या वजनात शेकडा ४० ते ४५ भाग सेल्युलोज, २० ते ३० भाग हेमिसेल्युलोज आणि तितकेच लिग्निन असते.

आता गंमत पाहा. आपल्या कारखान्याच्या मिलमधून निघणाऱ्या बगॅसमध्येही हेच तीन पदार्थ असतात आणि प्रमाणही फार वेगळे नाही. म्हणूनच लाकडाऐवजी बगॅसपासून कागद होतो. तामिळनाडू सरकारने १९७९ साली त्यासाठीच कागद कंपनी स्थापन केली आणि तिथे बगॅसपासून वर्तमानपत्राचा कागद निघू लागला. ऊस आणि बांबू तर दोन्ही गवताच्याच कुळातले. तेव्हा लाकडाविषयी ऊसवाल्याने का बोलावे, असे कोणी विचारू नये.

लाकडात पाणी दोन जागी असते

ताजे तोडलेले लाकूड जड लागते ते पाण्यामुळे. हे पाणी दोन जागी असते. काही पाणी लाकडातल्या बारीक नळ्यांच्या पोकळीत असते. बाकीचे त्या नळ्यांच्या भिंतीत मुरलेले असते. घागरीत पाणी असते आणि घागरीची मातीही ओली असते, तसा हा प्रकार आहे.

लाकूड सुकू लागले की आधी पोकळीतले पाणी जाते. तोवर लाकूड हलके होते, पण आकसत नाही. पोकळी रिकामी झाली तरी भिंती ओल्याच असतात. त्या वेळी लाकडात सुक्या वजनाच्या शेकडा २८ ते ३० इतके पाणी उरलेले असते. खरी गडबड यानंतर सुरू होते. भिंतीतले पाणी जाऊ लागले की लाकूड आकसते, वाकते आणि तडकते. मात्र याच टप्प्यात ते बळकटही होत जाते.

इथे हिशेबाची एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण बगॅसची ओल ५० टक्के म्हणतो, ती एकूण वजनावर. लाकडाची ओल मोजतात ती सुक्या वजनावर. म्हणजे दीडशे किलोच्या ओंडक्यात १०० किलो सुके लाकूड आणि ५० किलो पाणी असेल, तर लाकूडवाला ती ओल ५० टक्के म्हणेल. आपल्या बगॅसची ओल त्याच्या हिशेबाने १०० टक्के होईल. दोन्ही हिशेब बरोबर आहेत, फक्त मिसळू नका.

आकसणेही सगळीकडून सारखे नसते. लांबीत लाकूड जवळजवळ आकसतच नाही. रुंदीत आकसते. खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मे गाभ्याकडून सालीकडे आकसते. या असमान ओढीमुळेच फळी पन्हळीसारखी वाकते. साग हा कमी आकसणाऱ्या लाकडांत मोडतो. तरीही ओल्या सागाची फळी सुकेपर्यंत रुंदीत शेकडा ३ घट धरली, तर ३ फुटी दारात इंचभर फट पडते. आमच्या सभासदाचे मांजर आत आले ते याच इंचातून. मिस्तरीचा दोष नव्हता. लाकूड फाडले आणि पंधरा दिवसांत दार बसवले, तिथे चुकले.

जुन्या सुतारांना हे ठाऊक होते

इंग्रजी अमदानीतल्या सरकारी गॅझेटियरमध्ये आपल्या शेजारच्या तळोद्याची नोंद आहे. खानदेशातली लाकडाची मोठी बाजारपेठ आणि खानदेशातल्या सर्वांत चांगल्या बैलगाड्या बनवणारे गाव, अशी ती नोंद. त्या काळच्या गाडीत प्रत्येक भागाला वेगळे लाकूड असे. चाकाला बाभूळ, आसाला धावडा. धावड्याला इंग्रजीतही 'अ‍ॅक्सलवुड', म्हणजे आसाचे लाकूड, असेच नाव पडले आहे. लोखंडी धाव लाल तापवून चाकावर चढवायची आणि पाणी ओतून आवळायची, ही रीत जुन्या माणसांनी पाहिलेली आहे. पण चाकाचे लाकूड आधी नीट सुकलेले नसले, तर चैत्र-वैशाखात ते आकसे आणि धाव ढिली होऊन निघे. म्हणून जाणता सुतार लाकूड वर्ष-वर्ष छपराखाली ठेवून मगच हात लावी. आता टायरची गाडी आणि ट्रॅक्टर आले, गाड्यांचे सुतार कमी झाले, आणि त्यांच्याबरोबर ही सबुरीही गेली.

लाकूड सुकवायचे कसे?

१) फाडलेल्या फळ्या जमिनीवर टाकू नका. विटा किंवा दगड रचून दीड फूट उंचीवर चळत लावा.

२) प्रत्येक थरात इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या घाला. सर्व थरांतल्या पट्ट्या एकाखाली एक, सरळ रेषेत याव्यात. नाही तर फळ्यांना बाक येतो.

३) चळत सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवा. कडक उन्हात ठेवल्यास वरचा भाग लवकर आकसतो, आतला ओला राहतो आणि लाकूड तडकते.

४) फळ्यांच्या दोन्ही टोकांना डांबर किंवा जाड रंग लावा. टोकातून पाणी सर्वांत वेगाने जाते आणि तिथेच चिरा पडतात.

५) चळतीवर दगडांचे वजन ठेवा.

सुकले हे ओळखायचे कसे? चळतीतली एक छोटी फळी दर आठवड्याला काट्यावर तोला आणि वजन वहीत लिहा. तीन-चार आठवडे वजन उतरेनासे झाले की लाकूड सुताराकडे द्या. दिवाळीनंतर चळत लावली तर आपल्याकडचा कोरडा हिवाळा आणि उन्हाळा फुकटात काम करतो.

आणखी एक. साग टिकतो तो त्याच्या गाभ्यामुळे. गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात. ती वाळवीला मानवत नाहीत. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात ही द्रव्ये नसतात. कोवळ्या झाडाची पांढऱ्या कडांची फळी घेऊन 'साग घेतला' म्हणण्यात अर्थ नाही. वाळवी कडेने येते आणि पांढरा भाग खाऊन टाकते.

बांबूतली भुकटी

ऊस जसा साखर साठवतो तसा बांबू पिठूळ द्रव्य, म्हणजे स्टार्च साठवतो. बांबू पोखरणारा भुंगेरा या स्टार्चवर येतो. छपरातून गळते ती भुकटी त्याचीच. म्हणून बांबूचे आयुष्य तोडणीवर ठरते. कोवळा बांबू तोडू नये. तीन-चार वर्षांचा पक्का बांबू पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात तोडावा. आपल्या भागातला मानवेल भरीव असल्याने बळकट आहे, पण त्यालाही हा नियम आहेच.

तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे. तिच्यात शास्त्र आहे. स्टार्च पाण्यात विरघळून, आंबून निघून जातो. कोणी म्हणेल, पाण्यात ठेवल्यावर बांबू कुजणार नाही का? बुरशीला पाणी लागते तशी हवाही लागते. पूर्ण बुडालेल्या बांबूला हवा मिळत नाही. मात्र अर्धा वर, अर्धा पाण्यात असा ठेवू नका.

घरातल्या बांबूसाठी औषधही सोपे आहे. १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक अ‍ॅसिड विरघळवा. बांबूच्या आतल्या गाठी सळईने फोडा म्हणजे द्रावण आत शिरेल. आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवा आणि मग सावलीत सुकवा. द्रावण मुलांपासून आणि गुरांपासून लांब ठेवा, हातमोजे घाला. हे औषध पावसाने धुपते, म्हणून छपराखालच्या कामालाच वापरा.

उघड्यावरच्या लाकडासाठीचे औषध शोधले ते आपल्याच देशात. डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ साली सुरू झाली. तिथे सोंटी कामेसन यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण तयार केले. ते लाकडात असे घट्ट बसते की पावसाने सहज धुपत नाही. विजेचे खांब, रेल्वेचे स्लीपर यांसाठी ते जगभर वापरले गेले. पण आर्सेनिक हे विष आहे. हे काम कारखान्यात, दाबाच्या यंत्रातच व्हावे. असे लाकूड घरात, गव्हाणीत किंवा चुलीत कधीही वापरू नये.

घरातला शत्रू, शेतातला मित्र

लाकूड कुजवते ती बुरशी. लाकडाची ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर तिला वाढता येत नाही. म्हणून खांबाचे बूड जमिनीत न गाडता दगडावर किंवा काँक्रिटच्या चौथऱ्यावर ठेवा. छपराच्या वळचणीचे पाणी भिंतीवर येऊ देऊ नका. औषधाइतकाच गुण एवढ्यानेही येतो.

आता शेतात चला. ऊस तुटल्यावर मागे एकरी तीन-चार टन पाचट उरते. तेही सेल्युलोज आणि लिग्निनच. "साहेब, पाचट कुजतच नाही, म्हणून पेटवतो," असे मी दर हंगामात ऐकतो. कृषी पदविकेत मला पाचट शिकवले होते, लाकूड नाही. दोन्ही एकच आहेत हे फार उशिरा लक्षात आले. आपण घरात बुरशीला ओल देतो आणि शेतात तिला कोरडे ठेवतो, म्हणजे अगदी उलटे करतो.

पाचटात कर्ब भरपूर, पण नत्र थोडे. त्यामुळे बुरशीची उपासमार होते. तिला नत्र आणि पाणी द्या, म्हणजे ती लिग्निनसुद्धा फोडते. दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू खत टाका. पाचट सरीत दाबून बसवा आणि पाणी द्या. वाफसा राहील एवढेच द्या, तुंबवू नका. बुडालेला बांबू कुजत नाही, तसे तुंबलेले पाचटही नीट कुजत नाही. चार-पाच महिन्यांत ते मातीत मिसळते, आणि तोवर ओल धरून ठेवते व तण दाबते. पेटवले तर त्यातले नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुराबरोबर जातात.

कायद्याचे दोन शब्द

बांधावरचे झाड आपले असले तरी साग, खैर यांसारखी झाडे तोडण्यास महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. आधी परवानगी, मग कुऱ्हाड. बांबूची गोष्ट वेगळी आहे. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. ज्यांच्या नाल्याकाठी पडीक पट्टा आहे त्यांनी बांबूचा विचार जरूर करावा.

त्या सभासदांनी पुढे दार उतरवले. सुकलेली फळी रंधून बसवायची ठरवली आणि नव्या फळ्यांची चळत गोठ्याच्या सावलीत लावली. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांनी वही काढून दाखवली. दर आठवड्याचे वजन लिहिलेले होते. वहीच्या दुसऱ्या पानावर पाचटाला किती युरिया लागेल याचा हिशेब होता. यंदा त्यांच्या खोडव्यात पाचट पेटलेले नाही.

ज्यांना पाचटासाठी जिवाणू खत हवे असेल त्यांनी तोडणी येण्याआधी आपल्या गट कार्यालयात नाव नोंदवावे. लाकडाविषयी शंका असेल तर तीही विचारावी. चहा मात्र ओट्यावरच घेऊ.

— ऊस विकास अधिकारी