समलिंगी तरुणांमधील आत्महत्येचा धोका आणि कुटुंबाची भूमिका

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागातर्फे देशातील आत्महत्यांची आकडेवारी प्रसिद्ध केली जाते. मृताचे वय, शिक्षण, व्यवसाय, वैवाहिक स्थिती यांची नोंद तीत असते. लैंगिक कल मात्र नोंदवला जात नाही. त्यामुळे एखाद्या समलिंगी तरुणाचा मृत्यू ‘कौटुंबिक समस्या’ किंवा ‘विवाहविषयक समस्या’ या रकान्यात जमा होऊ शकतो आणि त्यामागचे खरे कारण अज्ञातच राहते.

ज्या देशांत अशी पाहणी झाली आहे, तेथे समलिंगी व द्विलैंगिक तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचे आणि स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाण इतरांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक आढळले आहे. (‘उभयलिंगी’ हा शब्द वनस्पतिशास्त्रात फुलांसाठी रूढ असल्याने येथे ‘द्विलैंगिक’ म्हटले आहे. स्वतःविषयी बोलायला नेमका शब्द नसणे हीदेखील या मुलांची एक अडचणच आहे.)

हा धोका लैंगिक कलातून उद्भवत नाही. संशोधक इलान मेयर यांनी २००३ मध्ये विस्ताराने मांडलेल्या ‘अल्पसंख्याक ताण’ या संकल्पनेनुसार अवहेलना, ओळख उघड होण्याची सततची भीती, लपवाछपवी आणि समाजाचा तिरस्कार स्वतःच्याच मनात मुरणे यांचा भार वर्षानुवर्षे साचत जातो. भारतात यात विवाहाच्या आग्रहाची भर पडते.

या संदर्भात अमेरिकेतील कॅटलिन रायन व सहकाऱ्यांचे २००९ मधील संशोधन महत्त्वाचे आहे. पौगंडावस्थेत कुटुंबाकडून तीव्र नकार अनुभवलेल्या तरुणांमध्ये, नकार न मिळालेल्या वा अत्यल्प मिळालेल्या तरुणांच्या तुलनेत, आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण ८.४ पट आढळले. पाहणी २२४ जणांपुरतीच आणि त्यांच्या आठवणींवर आधारलेली होती, हे ध्यानात घेतले तरी तफावत मोठी आहे. नकार म्हणजे केवळ घराबाहेर काढणे नव्हे. मित्रांशी संबंध तोडायला लावणे, घरात त्या विषयावर मौन लादणे, ‘लोक काय म्हणतील’ असे वारंवार ऐकवणे, हेही नकारातच मोडते.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. मात्र न्यायालयाचा निर्णय घराच्या उंबरठ्याआत आपोआप पोहोचत नाही. ‘उपचार’ करून मुलाला बदलण्याचे प्रयत्न त्यानंतरही होत राहिले. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेने तर १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या सूचीतून वगळली होती. त्यामुळे मुलाला डॉक्टरांकडे न्यायचेच असेल, तर ते त्याच्या नैराश्यासाठी न्यावे, कल बदलण्यासाठी नव्हे.

मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीविना नातेवाइकांना कळवू नये. तो एकाकी होत असेल, निरोपाची भाषा बोलत असेल, तर आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे शांतपणे व थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा गैरसमज आहे. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये.

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून मराठीतूनही बोलता येते. मुंबईतील हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ पासून समलिंगी पुरुषांसाठी कार्यरत आहे.