चिकातून उतरणारे औषध

डुकराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसतातच. डुकरिणीची वार आईची प्रतिपिंडे पलीकडे जाऊ देत नाही. ती मिळतात चिकातून, आणि तीही पहिल्या दिवस-दीड दिवसात, कारण 24 ते 36 तासांत पिल्लाचे आतडे एवढे मोठे रेणू अखंड शोषून घेणे थांबवते. चिकातले त्यांचे प्रमाणही तासागणिक घसरते, म्हणून प्रत्येक पिल्लाच्या पोटात निदान 200 ग्रॅम चीक जायला हवा, असे अभ्यासक सांगतात. याच तासांत आचळांवरचे, विष्ठेतले, जमिनीवरचे जिवाणू त्या कोऱ्या आतड्यात मुक्काम ठोकतात. आणि याच सुमारास अनेक मोठ्या वराहपालन केंद्रांत डुकरिणीला प्रतिजैविक दिले जाते. कासदाह, गर्भाशयाचा दाह, दूध आटणे ही त्याची कारणे. पण कित्येकदा औषध आजार दिसण्याआधीच, केवळ खबरदारी म्हणून दिलेले असते. माझा आक्षेप या खबरदारीला आहे.

औषधांच्या अवशेषांचे नियम माणसाच्या ताटाकडे पाहून बनले. गाईच्या दुधाला मर्यादा आहे, मांसासाठी कत्तलीपूर्वी थांबण्याचा काळ ठरलेला आहे. गाईम्हशीच्या चिकाचा आपण खरवस करतो. डुकरिणीचा चीक मात्र पिल्लांखेरीज कुणाच्या तोंडी लागत नाही, त्यामुळे त्यात किती औषध उतरले हे कुणी नेमाने तपासत नाही. उतरते हे नक्की. दूध रक्तापेक्षा थोडे आम्लधर्मी असल्याने टायलोसिन, लिंकोमायसिन यांसारखी अल्कधर्मी औषधे त्यात अडकून साठतात. पेनिसिलिन गटातली त्या मानाने कमी झिरपतात. शिवाय विण्याच्या सुमारास कासेतल्या पेशींमधले सांधे सैल असतात, ही वेगळीच वाट.

एवढ्याशा मात्रेने काय बिघडणार, हा पहिला प्रतिवाद. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये दाखवले की जिवाणूंची वाढ रोखणाऱ्या मात्रेच्या कित्येक पट खालीही, काही औषधांच्या बाबतीत शेकडो पट खाली, प्रतिरोधक जिवाणू बाकीच्यांवर मात करतात. म्हणजे मात्रा मारक नसली तरी निवड सुरू असते. दुसरा प्रतिवाद अधिक वजनदार आहे. फ्रान्समधल्या रेन येथील संशोधकांनी डुकरिणींना विण्याच्या आगेमागे अमॉक्सिसिलिन दिले, तेव्हा पिल्लांच्या आतड्यातल्या सुरुवातीच्या जिवाणूंची घडण बदलली, मोठ्या आतड्याची पारगम्यता बदलली, आणि पिल्ले वाढून तरुण झाल्यावरही आतड्यातल्या काही विकरांवर (सगळ्यांवर नव्हे) परिणाम दिसला. पण दोष चिकाचा, की औषधाने बदललेल्या आईच्या विष्ठेचा? पिल्ले दोन्ही पोटात घेतात आणि अशा प्रयोगातून दोन्ही वाटा वेगळ्या करता येत नाहीत. इथे नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनचा प्रयोग उपयोगी पडतो. तिथे आईला सोडून थेट चार दिवसांच्या पिल्लांना ट्युलाथ्रोमायसिनचे इंजेक्शन दिले गेले. आठव्या दिवशी त्यांचे आतड्यातले जिवाणू आणि प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकांची हालचाल दोन्ही वेगळी होती. ती मात्रा उपचाराची होती, चिकातल्या अंशाएवढी नव्हे. तरी कोवळ्या आतड्यावर औषधाचा परिणाम व्हायला आईची विष्ठा मध्ये असावीच लागते असे नाही, एवढे यातून कळते.

मग डुकरिणीला ताप असताना बघत बसायचे का? मुळीच नाही. तिला दूधच आले नाही तर पिल्ले उपाशी मरतील, आतड्यातल्या जिवाणूंची चर्चा तिथेच संपते. आजारी डुकरिणीला औषध द्यावेच. कळपालाच आधी टोचून ठेवणे ही निराळी गोष्ट, आणि युरोपीय संघाने जानेवारी 2022 पासून गटाला असा प्रतिबंधक डोस देणे बंद केले आहे. औषध द्यायचेच झाले तर कोणते आणि केव्हा, याला महत्त्व येते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2017 मध्ये वासरांविषयी जे मांडले ते बोलके आहे: औषधाचे अंश असलेले दूध पाजल्यास वासरांच्या शेणात प्रतिरोधक जिवाणू वाढतात, पण भाकड काळातल्या उपचारानंतर ठरलेले अंतर ठेवून गाय व्याली तर तिच्या चिकाने ते वाढत नाहीत. दुसऱ्या डुकरिणीचा चीक पाजण्याची पळवाट सोपी वाटते, पण चिकातल्या जिवंत प्रतिकारपेशी पिल्लाचे आतडे फक्त सख्ख्या आईच्याच स्वीकारते.